कॅमकॉर्डरला वाइड, टेली आणि क्लोज-अप लेन्स लावताना: निवडीचा आणि बसवण्याचा क्रम

कॅमकॉर्डरची मूळ लेन्स सहसा काढता येत नाही. जे काही जोडायचे ते तिच्या पुढेच जोडावे लागते. दुकानात या जोडीच्या लेन्सला कन्व्हर्टर म्हणतात आणि शूटिंगवाले एकमेकांत नुसतेच ‘वाइड लाव’, ‘टेली काढ’ असे बोलतात. वाइडने चौकटीत जास्त रुंद दृश्य मावते, टेलीने लांबचे जवळ दिसते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडे लग्ने, हरिनाम सप्ताह आणि शाळांची स्नेहसंमेलने अजूनही कॅमकॉर्डरवर चित्रित होतात, कारण हा कॅमेरा तासन्‌तास न थांबता चालतो आणि एकाच लेन्सवर जवळचे आणि लांबचे दोन्ही साधते. त्यामुळे कन्व्हर्टरांना गिऱ्हाईक आहे आणि तक्रारीही ठरलेल्या आहेत: चारही कोपरे काळे आले, झूम करताच चित्र धूसर झाले, लेन्स तिरकी बसून अडकली. यांतल्या बहुतेक तक्रारी खरेदीच्या आणि जोडणीच्या चुकलेल्या क्रमातून येतात. लोक आधी पटीचा (दृश्य किती लहान-मोठे दिसेल त्याचा) आकडा पाहून लेन्स घेतात, मग आटे जुळतात का ते बघतात आणि नेमकी गरज काय होती याचा विचार थेट मांडवात उभे राहिल्यावर करतात. हा क्रम उलटा करायला हवा.

१. गरज मोजून ठरवणे

वाइड कन्व्हर्टरची गरज बहुधा जागेच्या अडचणीतून निर्माण होते. श्रावणात खानदेशातील कानबाई या देवीची स्थापना ज्या घरात होते तिथली बैठकीची खोली दहा-बारा फुटांची असते; एका भिंतीशी चौरंग, समोर बसलेल्या बाया, दारात उभी पोरे, आणि कॅमेरेवाल्याला मागे सरकायला जागा नाही. अशा वेळी ‘जास्तीत जास्त वाइड’ लेन्स घ्यावीशी वाटते. त्याऐवजी एक मोजपट्टी घ्यावी.

कॅमकॉर्डरचा झूम पूर्ण मागे घ्यावा, खोलीच्या एका भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि समोरच्या भिंतीची किती फूट रुंदी चौकटीत येते ते मोजावे. मग प्रत्यक्षात किती रुंदी हवी तो आकडा घ्यावा. दिसणाऱ्या रुंदीला हव्या असलेल्या रुंदीने भागले की आपल्याला लागणारा पट मिळतो. समजा नऊ फूट दिसते आणि बारा फूट हवे आहे, तर नऊ भागिले बारा म्हणजे ०.७५, बाजारात सहज मिळणारा ०.७ पटीचा कन्व्हर्टर पुरेसा आहे. साडेदहा फूट दिसत असेल तर उत्तर ०.८७५ येईल, आणि मग लेन्स घेण्यापेक्षा दाराच्या उंबरठ्यापर्यंत मागे सरकणे स्वस्त पडते.

हे मोजणे टाळू नये, कारण जुन्या आणि नव्या कॅमकॉर्डरांत या बाबतीत मोठा फरक आहे. जुन्या अनेक हँडीकॅमची रुंद बाजू ३५ मि.मी. फिल्मच्या हिशेबात ४० मि.मी. किंवा त्याहून अरुंद असे (हा आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद), आणि त्यांना वाइडशिवाय घरगुती कार्यक्रम टिपणे खरोखरच अवघड होते. सोनीच्या एएक्स५३ या कॅमकॉर्डरची रुंद बाजू मात्र २६.८ मि.मी. आहे, म्हणजे ४० मि.मी.च्या कॅमेऱ्यावर ०.७ पटीचा कन्व्हर्टर लावल्यावर जे २८ मि.मी. मिळते त्याहूनही किंचित रुंद. असा कॅमेरा हाती असताना केवळ शेजारच्या शूटिंगवाल्याकडे आहे म्हणून वाइड घेण्यात अर्थ नाही.

टेली कन्व्हर्टरची गरज वेगळ्या प्रकारची आहे. भुसावळजवळ तापीवरच्या हतनूर जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि ते काठापासून लांब बसतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात घोडा पळवून दाखवतात तेव्हा गर्दीच्या मागूनच टिपावे लागते. अशा ठिकाणी झूम पूर्ण पुढे घेऊनही विषय चौकटीच्या एक चतुर्थांशाहून लहान राहत असेल तरच टेलीचा विचार करावा. त्याहून मोठा दिसत असेल तर दहा पावले पुढे जाण्याची वाट शोधावी.

तिसरी गरज क्लोज-अपची. रावेर, यावल भागात केळीवरच्या रोगांची माहिती देणाऱ्या चित्रफिती बनवणाऱ्यांना ती वारंवार पडते आणि तिच्याविषयी गैरसमजही सर्वांत जास्त आहेत, म्हणून तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

तपासणी: गरज एका वाक्यात आणि एका आकड्यात सांगता येईपर्यंत दुकानात जाऊ नये. ‘दहा फुटांच्या खोलीत बारा फूट रुंदी हवी’ ही गरज झाली. ‘जरा वाइड पाहिजे’ असे सांगितले तर दुकानदार त्याच्याकडे जे शिल्लक असेल ते देईल.

२. आट्यांचे माप घेणे

कन्व्हर्टर मूळ लेन्सच्या पुढच्या कड्यातील आट्यांत फिरवून बसतो. या आट्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. कॅमकॉर्डरांत ३०, ३७, ४३, ४६, ५२, ५५, ५८ अशी मापे आढळतात. माप लेन्सच्या पुढच्या कड्यावर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि त्याच्याआधी तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाची खूण असते. त्याच कड्यावर आणखी काही आकडे असतात आणि घोटाळा तिथेच होतो. रोमन एफ या अक्षरापुढे जो ‘अमुक ते अमुक मि.मी.’ असा आकडा असतो तो नाभीय अंतराचा, म्हणजे फोकल लेंग्थचा. आट्यांशी त्याचा काहीही संबंध नाही. एकाने त्या कड्यावरचा मोठा आकडा वाचून फोनवरूनच लेन्स मागवली. डबा उघडल्यावर ती त्याच्या कॅमेऱ्याच्या तोंडापेक्षा बरीच मोठी निघाली.

कडे झिजून अक्षरे गेली असतील तर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. साध्या पट्टीने अर्ध्या मिलिमीटरचा फरक कळत नाही, आणि इथे तोच महत्त्वाचा आहे. ३० आणि ३०.५ ही दोन स्वतंत्र मापे आहेत. ३०.५ची लेन्स ३०च्या आट्यांत शिरणारच नाही. उलट ३०ची लेन्स ३०.५च्या आट्यांत कशीबशी टेकल्यासारखी वाटेल आणि पहिल्या धक्क्याला हातात येईल.

कॅमेऱ्यावर हूड (बाजूचे ऊन अडवणारी पुढची कड) असेल तर तो काढून मगच माप घ्यावे. अनेक कॅमकॉर्डरांत खरे आटे हुडाच्या आत असतात.

मापे जुळत नसतील तर मध्ये स्टेप रिंग लागते. रिंगेवर ३७-४६ असे दोन आकडे असतील तर सहसा पहिला कॅमेऱ्याच्या बाजूचा आणि दुसरा कन्व्हर्टरच्या बाजूचा असतो. लहान तोंडाच्या कॅमेऱ्यावर मोठा कन्व्हर्टर बसवणारी रिंग म्हणजे स्टेप-अप, ती चालते. मोठ्या तोंडावर लहान कन्व्हर्टर बसवणारी स्टेप-डाउन रिंग वाइडच्या बाबतीत टाळावी, कारण लहान कन्व्हर्टरची कडच चौकटीत शिरते आणि कोपरे काळे होतात. दोन-तीन रिंगा एकावर एक चढवून माप जुळवण्याचा उद्योगही नको. प्रत्येक रिंगेने कन्व्हर्टर मूळ काचेपासून पुढे ढकलला जातो आणि कोपरे तितकेच आत येतात.

कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचाच कन्व्हर्टर घेत असाल तर नावातच पुष्कळदा माप लपलेले असते. सोनीच्या व्हीसीएल-एचजी०७३७ या नावातील ०७ म्हणजे ०.७ पट आणि ३७ म्हणजे ३७ मि.मी.चे आटे. कॅननच्या डब्ल्यूडी-एच५८डब्ल्यू या वाइडमधील ५८ हेही आट्यांचेच माप आहे. तिचा पट ०.७५ आहे. जुन्या मालाच्या जाहिराती चाळताना ही नावे वाचता आली तर दुकानदाराच्या भरवशावर राहावे लागत नाही.

३. पट निवडणे आणि झूम कुठपर्यंत चालतो ते विचारणे

वाइडमध्ये आकडा जितका लहान तितके दृश्य रुंद. ०.७ किंवा ०.७५ पटीचा कन्व्हर्टर बहुतेक घरगुती कामांना पुरतो आणि त्याने सरळ रेषा फारशा वाकत नाहीत. ०.५वर दाराच्या चौकटी बाहेर फुगलेल्या दिसू लागतात. ०.४५ आणि त्याखालच्या स्वस्त लेन्स तर चौकटीच्या कडेला बसलेल्या माणसाचे तोंड इतके ताणतात की नातेवाईक रागावतात. लग्नाच्या कामासाठी ०.५च्या खाली जाऊ नये, असे माझे मत आहे.

पटीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसरा आहे आणि तो दुकानात फार थोडे लोक विचारतात: या कन्व्हर्टरमधून पूर्ण झूम करता येतो का? काही वाइड कन्व्हर्टर झूमच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चित्र स्पष्ट ठेवतात. काहींमध्ये झूम थोडा पुढे नेला की फोकस सुटतो आणि तो काही केल्या परत येत नाही. दुसऱ्या प्रकारची लेन्स हलकी आणि स्वस्त असते, आणि एका जागी न हलवता टिपायच्या कामाला ती चालेल. पण मंगलाष्टके चालू असताना वधूच्या चेहऱ्यावर झूम करणाऱ्याला तिचा उपयोग नाही. ०.४५ पटीच्या स्वस्त लेन्स पुष्कळदा दोन तुकड्यांच्या असतात: पुढचा भाग काढला की मागे मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळचे टिपायची, काच उरते. मध्ये ते दोन भाग सैल झाले तर चित्र अचानक धूसर होते आणि दोष कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसला दिला जातो.

टेलीमध्ये १.५ आणि १.७ पट हे व्यवहारी आकडे आहेत. २ पट किंवा त्यापुढच्या लेन्स वजनदार असतात, आणि कडांना जांभळी-हिरवी झालर येण्याचे प्रमाण त्यांच्यात वाढते. टेली कन्व्हर्टर झूमच्या पुढच्या टोकासाठी बनवलेला असतो. झूम मागे घेतला की दृश्य नळीतून पाहिल्यासारखे गोल दिसते, आणि हा दोष नसून त्या लेन्सचा स्वभाव आहे, हे आधीच जाणून घ्यावे.

प्रकाशाबद्दल एक गैरसमज काढायला हवा. स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यात बॉडी आणि लेन्स यांच्या मध्ये बसणारा १.४ पटीचा टेलीकन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, प्रकाश खातो आणि २ पटीचा दोन स्टॉप. कॅमकॉर्डरच्या पुढे बसणाऱ्या कन्व्हर्टरचे तसे नाही; त्याची पुढची काच पुरेशी मोठी असल्याने एफ-आकडा (लेन्स किती प्रकाश घेते तो) जवळपास तोच राहतो. टेली लावल्यावर चित्र काळोखे दिसते त्याचे कारण आपण झूम पूर्ण पुढे नेलेला असतो आणि त्या टोकाला कॅमकॉर्डरची मूळ लेन्सच कमी प्रकाश घेते. म्हणून अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीसारखा रात्रीचा प्रसंग टेलीने टिपायचा असेल तर कन्व्हर्टर बदलून काही साधणार नाही. झूम थोडा मागे घ्यावा आणि जवळची जागा मिळवावी.

सावधान: चैत्र-वैशाखात दुपारी टेली वापरू नये. तापलेल्या रानावरून झळा उठतात आणि लांबच्या दृश्यात सगळे लटलट हलताना दिसते. चार वेळा लेन्स पुसूनही ते जात नाही, कारण दोष हवेचा आहे. सकाळी लवकर काम उरकावे.

४. क्लोज-अप लेन्सचा वेगळा हिशेब

क्लोज-अप लेन्स वाइड-टेलीप्रमाणे पटीत मोजत नाहीत. तिच्यावर +१, +२, +४ असे डायॉप्टरचे, म्हणजे चष्म्याच्या नंबरासारखे, आकडे असतात. कॅमेऱ्याचा फोकस अनंतावर ठेवला असता १ मीटरला त्या आकड्याने भागून जे येते तितक्या अंतरावर चित्र स्पष्ट होते: +१ला १ मीटर, +२ला ५० सेंटिमीटर, +४ला २५ सेंटिमीटर.

आता प्रश्न असा की कॅमकॉर्डर तर झूम मागे असताना एका सेंटिमीटरवरूनही फोकस करतो, मग ही लेन्स कशाला? केळीच्या पानावर करप्याच्या बारीक पिवळसर रेघा दाखवायच्या असतील आणि कॅमेरा पानाला चिकटवला, तर कॅमेऱ्याची स्वतःचीच सावली त्या रेघांवर पडते. पान हलले की काचेला लागते ते वेगळेच. झूम पूर्ण पुढे घेऊन लांबून टिपावे तर त्या टोकाला कॅमकॉर्डरला साधारण एक मीटरच्या आतले फोकस होत नाही, आणि एक मीटरवरून रेघ बारीकच दिसते. क्लोज-अप लेन्स नेमकी हीच अडचण सोडवते: +२ लावून, अर्ध्या मीटरवर ट्रायपॉड ठेवून, झूम पुढे नेला की रेघ पडदाभर होते आणि पानावर उजेडही मोकळा पडतो.

स्पष्ट दिसणारी खोली मात्र काही मिलिमीटरच उरते. म्हणून दुसऱ्या माणसाने पानाची कड दोन्ही हातांनी ताणून काचेला समांतर धरावी, ऑटोफोकस बंद करावा आणि फोकसची चाकी न फिरवता अख्खा कॅमेरा बोटभर पुढे-मागे सरकवून नेमकी जागा शोधावी. एकेरी काचेच्या स्वस्त लेन्सपेक्षा दोन काचा चिकटवलेली अ‍ॅक्रोमॅट लेन्स घ्यावी. महाग पडते, पण रोगाच्या रेघेला रंगीत झालर येत नाही आणि बघणाऱ्या शेतकऱ्याला खरा रंग दिसतो. +१, +२ आणि +४ एकावर एक चढवणे शक्य असते. तसे करावेच लागले तर जास्त आकड्याची काच कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवावी.

५. घेण्यापूर्वी पाहणी

कन्व्हर्टर हातात आल्यावर आधी कानाशी हलकेच हलवावा. आतून खुळखुळ आली तर काच सैल आहे. मग मोबाइलचा दिवा मागून लावून काचेत तिरके पाहावे. दोन-चार धुलिकणांनी काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या जुन्या लेन्समध्ये ती हमखास असते. आटे नखाने चाचपावेत, कुठे चेपलेले नसावेत.

त्यानंतरची चाचणी दहा मिनिटांची आहे आणि तिच्यासाठी आपला कॅमेरा दुकानात न्यावाच लागतो. वर्तमानपत्राचे छोट्या जाहिरातींचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे आणि पान चौकटभर येईल असा कॅमेरा ट्रायपॉडवर सरळ उभा करावा. आधी कन्व्हर्टरशिवाय, मग तो लावून, झूम मागे, मध्ये आणि पुढे अशा प्रत्येक जागी दहा-दहा सेकंद टिपावे; प्रत्येक वेळी पान पुन्हा चौकटभर येईल असा कॅमेरा पुढे-मागे करावा. घरी येऊन ते टीव्हीवर पाहावे आणि मधली अक्षरे न पाहता कोपऱ्यांतली अक्षरे वाचून पाहावीत. टेपच्या जमान्यात खपून गेलेल्या अनेक लेन्सची कसोटी पूर्ण एचडीत कोपऱ्यांतच लागते. परत घेण्याची मुदत किती हे आधी लेखी घ्यावे. तोंडी कबुलीवर मी एकदा फसलो आहे.

सावधान: कॅमकॉर्डरच्या छोट्या पडद्यावर निकाल लावू नये. काही कॅमेऱ्यांचा पडदा चित्राची कड थोडी कापून दाखवतो, त्यामुळे काळा कोपरा तिथे दिसत नाही आणि टीव्हीवर दिसतो.

६. बसवणे

ही पायरी सोपी समजली जाते आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. यावल तालुक्यातल्या एका लग्नात मी घाईघाईत, उभ्याउभ्या, कॅमेरा गळ्यात असतानाच वाइड फिरवली. दीड आट्यावर ती घट्ट झाली आणि मला वाटले, बसली. सप्तपदीच्या वेळी कॅमेरा खाली झुकवला आणि लेन्स सरळ पाटाच्या कोपऱ्यावर पडली. काच वाचली, कडे चेपले, आणि त्यानंतर ती कुठल्याच कॅमेऱ्यावर सरळ चढली नाही. तेव्हापासून पुढचा क्रम मी मोडत नाही.

पहिल्यांदा कॅमेरा पाठीवर, लेन्स आकाशाकडे करून, मऊ कापडावर ठेवावा. उभ्या कॅमेऱ्यावर कन्व्हर्टर स्वतःच्या वजनाने खाली झुकतो आणि तिरका धरला जातो. आडव्या कॅमेऱ्यावर तो सपाट बसतो.

दुसरे, हूड आणि यूव्ही फिल्टर काढून ठेवावा. फिल्टर तसाच ठेवून त्यावर वाइड चढवणे हे काळ्या कोपऱ्यांचे सर्वांत सामान्य कारण आहे.

तिसरे, मूळ लेन्सची पुढची काच आणि कन्व्हर्टरची मागची काच हवेच्या फुग्याने फुंकावी, गरज असेल तरच ब्रशने झटकावी आणि शेवटी मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे बारीक थेंब उडतात. वाइडवर आणि कडक उन्हात कॅमेऱ्याचे छिद्र लहान होते, तेव्हा या दोन काचांमध्ये अडकलेला कण पडद्यावर करड्या डागासारखा स्पष्ट उमटतो आणि तो शूटिंगभर साथ करतो.

चौथे, कन्व्हर्टर आट्यांवर अलगद टेकवून आधी उलटा, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, फिरवावा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यात ‘टक्’ असा हलका आवाज येतो किंवा लेन्स किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. दोन्ही आट्यांची तोंडे तिथे जुळलेली असतात. तिथून सरळ फिरवायला सुरुवात करावी.

पाचवे, दोन बोटांच्या जोरानेच फिरवावे. सुरुवातीपासूनच जोर लागत असेल तर थांबावे, काढावे आणि पुन्हा उलटे फिरवून तोंड शोधावे. कॅमकॉर्डरचे आटे पुष्कळदा प्लास्टिकचे असतात आणि कन्व्हर्टरचे धातूचे. भांडणात कोण हरणार हे उघड आहे. शेवटी लेन्स थांबली की अर्धे बोट आणखी आवळून सोडून द्यावे.

तपासणी: कॅमेरा चालू-बंद करून पाहावा. स्वयंचलित झाकण असलेल्या कॅमकॉर्डरमध्ये कन्व्हर्टरची मागची काच बाहेर आलेली असेल तर झाकणाच्या पात्या तिला घासतात. खरखर ऐकू आली तर तो कन्व्हर्टर त्या कॅमेऱ्यासाठी नाही.

७. मेन्यूतील बदल

लेन्स बसली म्हणजे काम संपले असे समजून लोक थेट शूटिंगला लागतात. काही कॅमकॉर्डरांच्या मेन्यूत ‘कन्व्हर्जन लेन्स’ अशी नोंद असते आणि तिथे वाइड किंवा टेली निवडावे लागते. हे न केल्यास हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा (स्थिरीकरण) जुन्याच हिशेबाने चालते, त्यामुळे टेलीवर चित्र डुलते. लेन्स काढल्यावर ती नोंद बंद करणेही तितकेच आवश्यक आहे आणि ते बहुतेकदा विसरते.

कॅननच्या अनेक कॅमकॉर्डरांत इन्स्टंट एएफसाठी (झटपट ऑटोफोकससाठी) लेन्सच्या बाहेर वेगळा सेन्सर असतो. मोठा कन्व्हर्टर त्याच्या आड येतो आणि फोकस उगाच मागे-पुढे धावू लागतो. अशा वेळी ऑटोफोकस नॉर्मलवर ठेवावा. सोनीच्या नाइटशॉट (अंधारात टिपण्याची सोय) असलेल्या कॅमेऱ्यांत अवरक्त दिवाही असाच झाकला जाऊन चित्राच्या एका बाजूला सावली येते. टेलीवर ट्रायपॉड वापरायचाच. तो पक्का असेल तर स्थिरीकरण बंद करून एकदा तुलना करून पाहावी.

८. काळ्या कोपऱ्यांची शेवटची चाचणी

पांढऱ्या भिंतीसमोर किंवा मोकळ्या आकाशाकडे कॅमेरा करून झूम पूर्ण मागे घ्यावा आणि रेकॉर्डिंग चालू ठेवून हळूहळू पुढे न्यावा. ज्या जागी कोपरे साफ होतात ती झूमपट्टीवरची जागा लक्षात ठेवावी; वहीत लिहून ठेवली तर उत्तम. हीच चाचणी स्थिरीकरण चालू ठेवून, कॅमेरा हातात घेऊन आणि थोडे चालत पुन्हा करावी, कारण ही यंत्रणा लेन्समधला भाग सरकवून काम करत असेल तर कोपरा क्षणभर येतो आणि जातो. ‘अ‍ॅक्टिव्ह’ प्रकारचे स्थिरीकरण चित्राची कड कापते, त्यामुळे कोपरे तर जातात, पण रुंदीही जाते. पहिल्या पायरीत मोजलेली बारा फुटांची भिंत पुन्हा मोजून पाहावी. कधीकधी कन्व्हर्टरने कमावलेले सगळे या एका बटनात जाते.

कोपरे झूमच्या थोड्याशा हालचालीने जात असतील तर लेन्स ठेवावी. निम्म्या झूमपर्यंत जात नसतील तर मध्ये फिल्टर किंवा जादा रिंग राहिली आहे का ते पाहावे, आणि नसेल तर लेन्स परत करावी.

९. वापरताना आणि काढताना

मोठ्या वाइडचे वजन कॅमेऱ्याला पुढे झुकवते, म्हणून ट्रायपॉडवर प्लेट पुढे सरकवून तोल साधावा. चालताना डावा हात कन्व्हर्टरखाली असावा, त्याचा भार आट्यांवर सोडू नये. फुगीर काचेवर हूड बसत नाही आणि बाजूचे ऊन थेट शिरते. वरून हात किंवा काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा धरला तरी पडदा पांढरट होण्याचे थांबते.

हळदीत आणि मिरवणुकीच्या गुलालात लेन्स बदलू नये. बदलायचीच असेल तर गाडीत काचा बंद करून बदलावी. गुलाल काचेवर बसला तर तो आधी फुंकून आणि ब्रशने काढावा. ओल्या कापडाने पुसल्यास तो लेपासारखा पसरतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कन्व्हर्टर ठेवू नये. एसी हॉलमधून बाहेरच्या पावसाळी हवेत येताना कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर दोन काचांच्या मध्ये दव धरते आणि ते बाहेरून पुसता येत नाही.

कन्व्हर्टर अडकला तर पक्कड हाती घेऊ नये. दोन बोटांनी समोरासमोर जोरात दाबले तरी कडे किंचित लंबगोल होते आणि आणखी घट्ट बसते. कड्याभोवती रुंद रबरबँड गुंडाळावा, पूर्ण तळहाताने चारही बाजूंनी सारखा दाब देऊन घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावे. निघाल्यावर कन्व्हर्टरला पुढचे आणि मागचे अशी दोन्ही झाकणे लावावीत, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावे, आणि कॅमेऱ्याच्या मेन्यूतली ‘कन्व्हर्जन लेन्स’ची नोंद तिथल्या तिथे बंद करावी.